सागरी टेहळणी विमानांचे लँडिंग गिअर : बिघाडाचे स्वरूप

सागरी टेहळणी विमान बराच वेळ समुद्रावर कमी उंचीवरून उडते आणि उभेही राहते ते किनाऱ्यावरील तळावर. आपल्या जवळचा असा तळ म्हणजे गोव्यातील दाबोळी येथील आय.एन.एस. हंसा होय. तेथून १९७७ पासून चार दशके आय.एल.-३८ विमानांनी टेहळणी केली. २०२२ मध्ये पी-८आय विमानांचे पथक तेथे स्थापन झाले.

लँडिंग गिअरचे मुख्य स्तंभ अतिउच्च बलाच्या पोलादाचे असतात. पोलाद जितके बलवान, तितके ते भेगांच्या बाबतीत हळवे. संरक्षक लेप खरवडला गेला की क्षार आत शिरतो आणि ताणाखालील भागात सूक्ष्म भेग संथपणे वाढत राहते. मोडणे मात्र क्षणार्धात घडते. म्हणूनच अशी विमाने गोड्या पाण्याने धुण्याच्या कामास दुय्यम लेखणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही.

लष्करी चौकशीचे अहवाल सहसा प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे क्षरणाचे नव्हे, तर केवळ परिणामाचे उदाहरण म्हणून एक नागरी घटना पाहू. ६ मे २०२१ रोजी नागपूरहून निघालेल्या रुग्णवाहू बीचक्राफ्ट विमानाचे चाक उड्डाणाच्या वेळीच निखळले. वैमानिकाने ते मुंबईस पोटावर उतरविले. रुग्णासह पाचही जण बचावले. दाबोळीस असे घडल्यास, लोहगावप्रमाणेच लष्करी व नागरी विमाने मिळून वापरीत असलेली तेथील एकमेव धावपट्टी विमान हलेपर्यंत बंद राहील.