घड्याळांआधी कडे बघा

न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयात साल्वादोर दालीचं ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ (१९३१) बघून बहुतेकांच्या तोंडून निघतं, ‘एवढंसंच?’ वितळलेल्या घड्याळांचं हे जगप्रसिद्ध चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे.

पण जरा थांबून बघा. घड्याळं मऊ पडलीत. क्षितिज मात्र सरळ आहे. खालचा बराच भाग अंधारा, त्यामुळे नजर आपोआप वर उजवीकडे, उजळलेल्या कड्यांवर जाते. ते कडे दालीच्या कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे, अगदी खरे.

खाली डावीकडे नारिंगी घड्याळावर मुंग्या आहेत. अशाच मुंग्या १९२९ च्या ‘अँ शिएँ आंदालू’ या लघुपटात माणसाच्या तळहातातून बाहेर येतात. तो दाली आणि लुई बुन्युएल यांनी मिळून लिहिला होता. तिथेही खोली साधीच, चारचौघांसारखी. म्हणून तर तो हात बघून अंगावर काटा येतो.

आम्ही इंजिनिअर चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं तसंच ठेवतो. अतिवास्तववादी रचनेचं मर्म मला तिथेच सापडलं.

आमचं सांगलीचं घर विकलं गेलं. तरी स्वप्नात न्यू जर्सीच्या फ्लॅटचं दार थेट तिथल्या ओट्यावर उघडतं. तुळस, कोनाडा, टवका उडालेली तिसरी पायरी, सगळं जागच्या जागी.

म्हणून सांगतो, मोमात गेलात तर आधी ते कडे बघा. आपल्यासारख्यांना ते लगेच ओळखीचे वाटतील.