वसुबारस माहीत आहे, पण वाघबारस?

आश्विन वद्य द्वादशीला आपण गाय-वासराची पूजा करतो. त्याच दिवशी माळशेज घाटाखाली, वैशाखरेच्या परिसरात आणि एकूणच मुरबाड-शहापूरच्या आदिवासी पाड्यांवर वाघाची पूजा होते. या वाघदेवाचं ठाणं शिवेवर असतं: लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, जोडीला चंद्र-सूर्य. गुराखी घरोघरी तांदूळ मागतात, रानातच शिजवतात, नैवेद्य दाखवून एकत्र जेवतात. मागणं एवढंच, की गुरांना आणि राखणाऱ्यांना सांभाळ. वाघाचं वाईट कुणी मागत नाही, हे मला विशेष वाटतं. पट्टेरी वाघ आता इथे नाही, बिबट्या मात्र आहे. लोक त्यालाही वाघच म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी गुरं त्याच रानात न्यायची असतात.