संकरित गाय : आधी रक्ताचे प्रमाण सांभाळा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात दुग्धव्यवसाय हा आता नुसता जोडधंदा राहिलेला नाही. संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या तालुक्यांत अनेक कुटुंबांचा रोजचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो. या वाढीत कृत्रिम रेतन आणि संकरित गाय यांचा वाटा मोठा आहे. मात्र अलीकडे बऱ्याच गोठ्यांत एकच तक्रार ऐकू येते. आईने चांगले दूध दिले, पण तिची कालवड वेळेवर माजावर येत नाही, भरवली तर उलटते, उन्हाळ्यात धापा टाकते आणि दूध निम्म्यावर आणते. शेतकरी बंधू याचा दोष वीर्यमात्रेला किंवा नशिबाला देतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण दुसरेच असते. पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेले विदेशी रक्त आणि त्या मानाने न वाढलेला चारा, ही दोन कारणे आधी तपासावीत.

फुले त्रिवेणी काय सांगते?

राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. विद्यापीठाच्या गो संशोधन व विकास प्रकल्पात गीर, जर्सी आणि होल्स्टिन फ्रिजियन (एच.एफ.) या तीन जातींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' ही गाय तयार करण्यात आली. गीर गाईला जर्सीचे आणि त्यातून आलेल्या कालवडीला एच.एफ.चे वीर्य वापरले, की तिसऱ्या पिढीत एच.एफ. ५० टक्के, जर्सी २५ टक्के आणि गीर २५ टक्के असे प्रमाण येते. या गाईचे एका वेताचे दूध ३,००० लिटरच्या घरात जाते.

या तीन जातींची निवड विचारपूर्वक झालेली आहे. एच.एफ.मुळे दूध वाढते. जर्सीमुळे शरीर मध्यम राहते व दुधात स्निग्धांश चांगला मिळतो. दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरत असल्याने ही बाब महत्त्वाची आहे. गीरमुळे ऊन, गोचीड आणि हलका चारा सोसण्याची ताकद टिकते. यातील गीरचा पाव हिस्सा गेला, की आपल्या हवामानाला तोंड देण्याचा आधारच जातो.

रक्ताचा हिशोब असा चुकतो

वासराला निम्मे गुण आईकडून व निम्मे बापाकडून मिळतात. देशी गाईला एच.एफ.चे वीर्य वापरल्यास कालवडीत विदेशी रक्त ५० टक्के येते. तिला पुन्हा एच.एफ. वापरल्यास पुढच्या पिढीत ७५ टक्के, त्यानंतर ८७.५ टक्के आणि चौथ्या पिढीत ९३.७५ टक्के होते. म्हणजे चार पिढ्यांत गोठ्यात जवळजवळ शुद्ध एच.एफ. गाय उभी राहते.

एच.एफ. ही थंड प्रदेशातील जात आहे. हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, की तिला शरीरातील उष्णता बाहेर टाकणे जड जाऊ लागते. ती चारा कमी खाते. त्यामुळे दूध घटते, माज मुका होतो आणि गर्भ राहण्याचे प्रमाण कमी होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. बारमाही हिरवा चारा, मुबलक पाणी, पंखे व फवारे असलेल्या गोठ्यात अशा गाई चांगले दूध देतात, हे खरे आहे. पण पत्र्याच्या कमी उंचीच्या शेडमध्ये, कडबा आणि उसाच्या वाढ्यावर त्या टिकत नाहीत. कर्ज काढून घेतलेली गाय दोन वेतांतच विकावी लागली, तर झालेला तोटा दुधातून भरून निघत नाही.

कोणत्या गाईला कोणते वीर्य?

१) देशी किंवा गावठी गाय असल्यास पहिल्या संकरासाठी पाणी व चारा पाहून जर्सी अथवा एच.एफ. निवडावे. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर अशा कमी पावसाच्या भागात जर्सी अधिक सोयीचे ठरते.

२) गाईत विदेशी रक्त ५० टक्के असेल आणि चारा-पाणी बेताचे असेल, तर ५० टक्के रक्ताच्या संकरित वळूचे वीर्य वापरावे. त्यामुळे प्रमाण ५० टक्क्यांवरच राहते. बागायती भागात ते ७५ टक्क्यांपर्यंत नेण्यास हरकत नाही.

३) गाय ७५ टक्क्यांवर पोहोचली असल्यास शुद्ध विदेशी वीर्य थांबवावे. ५० टक्के वळूचे वीर्य वापरल्यास पुढची कालवड ६२.५ टक्क्यांवर येते. त्रिवेणी गाईला त्रिवेणी वळूचेच वीर्य वापरावे.

४) अकोले तालुक्यातील डांगी गाईंचा संकर करू नये. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसात तेलकट कातडीमुळे डांगी जनावर टिकते. या जातीत निवड पद्धतीनेच सुधारणा करावी.

पहिल्या संकरात जो जोम दिसतो, तो संकरित नर-मादीच्या पुढच्या पिढीत निम्म्यावर येतो. म्हणून संकरित वळू निवडताना त्याच्या आईचे व मुलींचे दूध किती, ही नोंद पाहणे जरुरीचे आहे. लिंगनिश्चित वीर्यमात्रेने सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. मात्र बापाची नोंद चांगली नसेल, तर नुसती कालवड होऊन फायदा नाही.

गुण रक्तात, दूध गव्हाणीत

एकाच जातीच्या गाईंच्या दुधात जो फरक दिसतो, त्यातील सुमारे पाव हिस्साच आनुवंशिक असतो. बाकीचा फरक आहार, आरोग्य व निगा यांमुळे पडतो. रक्तामुळे दुधाची मर्यादा ठरते. त्या मर्यादेपर्यंत गाय पोहोचते ती आहारामुळे.

४०० किलो वजनाच्या व दररोज १२ लिटर दूध देणाऱ्या गाईचा हिशोब पाहू. तिला वजनाच्या ३ टक्के, म्हणजे १२ किलो कोरडा अंश रोज लागतो. खुराक शरीरपोषणासाठी दीड किलो आणि दर ३ लिटर दुधामागे १ किलो याप्रमाणे ४ किलो, असा एकूण साडेपाच किलो द्यावा. त्याबरोबर २० किलो हिरवा चारा आणि साडेतीन किलो कडब्याची कुट्टी द्यावी. हिरव्या चाऱ्यात मका किंवा संकरित नेपिअर दोन भाग व लसूणघास एक भाग ठेवावा. यासाठी विद्यापीठाचे आफ्रिकन टॉल मका, फुले जयवंत नेपिअर आणि आर.एल. ८८ लसूणघास हे वाण उपयुक्त आहेत. नुसत्या नेपिअरमध्ये प्रथिने कमी पडतात. उलट कोवळा लसूणघास एकटाच पोटभर घातल्यास पोटफुगी होते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे आणि स्वच्छ पाणी चोवीस तास समोर असावे.

आपल्या कारखाना पट्ट्यात गळीत हंगामात उसाचे वाढे भरपूर मिळतात. वाढ्यातील ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. महिनोन्‌महिने वाढ्यावर ठेवलेली गाय हाडांतील कॅल्शियम दुधात घालते आणि पुढे उलटू लागते. म्हणून वाढे एकट्याने देऊ नयेत. त्यांची कुट्टी करून तीवर चुन्याची निवळी शिंपडावी व दुसरा चारा मिसळावा.

निगा

पारडा माज दिसण्याची वाट न पाहता व्याल्यानंतर ६० दिवसांनी माजावर लक्ष ठेवण्यास सुरुवात करावी. माज दर २१ दिवसांनी येतो. सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी व संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. व्यायला दोन महिने राहिले असता गाय आटवावी. वासराला जन्मल्यावर तासाभरात त्याच्या वजनाच्या एक दशांश चीक पाजावा. कालवड वयाने मोठी झाली म्हणून भरवू नये. वजन २५० किलोच्या पुढे गेल्यावरच भरवावी.

गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. छप्पर उंच असावे व उन्हाळ्यात त्यावर पाचट टाकावे. जागा असल्यास मुक्तसंचार गोठा करावा. त्यात गाय सावली व पाणी स्वतः शोधते आणि माजही लवकर लक्षात येतो.

नोंदवही ठेवा

गाईच्या कानातील बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो. वहीत प्रत्येक क्रमांकासमोर आईचे दूध, वापरलेल्या वळूचा क्रमांक व जात, रेतनाची तारीख, व्याल्याची तारीख आणि आठवड्यातून एकदा मोजलेले दूध लिहावे. रेतन करणाऱ्या डॉक्टरांना ही वही दाखवावी आणि कांडीवरील वळूचा क्रमांक तेथेच उतरवून घ्यावा. गाईत किती टक्के रक्त आहे हे केवळ रंगावरून ओळखता येत नाही. पूर्ण काळीपांढरी दिसणारी गाय ७५ टक्क्यांचीही असू शकते व ९० टक्क्यांचीही. ते फक्त वहीतून कळते.

शेतकरी बंधूंनी पुढच्या माजाला वीर्यमात्रा मागण्यापूर्वी आपली गाय किती टक्क्यांची आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात हिरवा चारा किती असतो, या दोन गोष्टी पाहाव्यात. या दोन्हींचा मेळ बसेल तेच वीर्य आपल्या गोठ्यासाठी योग्य समजावे.