नळी पिवळी झाली तर?

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही. मुलांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात तोवर ते पाणी पिऊन वर्षं उलटलेली असतात. पुढे हाडं आखडतात ती कायमची. म्हणून अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले जैवअभियंते ज्युलियस लक्स यांचं पाणी तपासण्याचं काम वाचायला घेतलं आणि त्यात गुंतत गेले.

त्यांच्या प्रयोगशाळेचं नाव २०२० मध्ये गाजलं ते ‘रोझलिंड’मुळे. शिसं, तांबं यांसह १७ दूषित घटक ओळखणाऱ्या या चाचण्यांना रसायनशास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांचं नाव दिलेलं आहे. मला मात्र धरून ठेवलं ते फ्लोराइड ओळखणाऱ्या नळीने.

नळीच्या तळाशी चिमूटभर कोरडी पूड असते. ई. कोलाय जिवाणू फोडून त्यांच्यातली प्रथिनं बनवणारी यंत्रणा घ्यायची, त्यात बेतलेला डीएनए मिसळायचा आणि सगळं गोठवून वाळवायचं. जिवंत असं काही उरत नाही. पाण्याचा थेंब पडला की यंत्रणा कामाला लागते. डीएनएवरून आरएनए तयार होऊ लागतो आणि त्याचं सुरुवातीचं टोक दुमडून एक खिसा बनतो. खिशात फ्लोराइड बसलं तर काम पुढे सरकतं, विकर (एन्झाइम) तयार होतं आणि त्यामुळे नळी पिवळी पडते. नाही बसलं, तर आरएनएची घडी वेगळी पडते आणि काम तिथेच थांबतं.

हा खिसा माणसाने घडवलेला नाही. फ्लोराइडच्या विषापासून बचावायला जिवाणू तो वापरतात. येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने २०१२ मध्ये तो उजेडात आणला. आरएनए ऋणभारित, फ्लोराइडही ऋणभारित. खरं तर त्यांनी एकमेकांना दूर लोटायचं. पण मॅग्नेशियमचे ३ धनभारित आयन मध्ये येऊन फ्लोराइडला धरून ठेवतात. क्लोराइड आकाराने मोठं, त्याला तिथे जागाच नाही. ही पारख थक्क करणारी आहे.

कोस्टा रिकातल्या इराझू ज्वालामुखीच्या परिसरात ही चाचणी झाली, केनियाच्या नाकुरू परगण्यात ती घरोघरी गेली. पण पूड दमट हवेत बिघडते. जिवाणूंच्या रसाची प्रत्येक खेप सारखी उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम, तिच्या आसपासचा फिका पिवळा रंग ‘हो’ समजायचा की ‘नाही’?

मला खरी काळजी त्यापुढची वाटते. नळी पिवळी झाल्यावर त्या घराने प्यायचं काय? उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत दिली, पण ती रोज, मापात करावी लागते आणि उरलेल्या गाळाची विल्हेवाटही लावावी लागते.

लक्स यांची नळी आपल्याकडे येईल तेव्हा येईल. जल जीवन मिशनने गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं आहे आणि त्यांच्या किटमध्ये फ्लोराइडची रासायनिक चाचणी असते. ग्रामसभेत आपल्या बोअरचा आकडा मागा. तो १.५ च्या वर असेल, तर पिण्यासाठी दुसरा स्रोतही त्याच सभेत मागा.