साधे की प्रीमियम? : गाडीच्या पेट्रोलची डोळस निवड

आपल्या मंडळाच्या बैठकीनंतर चहापानाच्या वेळी ज्या विषयांवर हमखास चर्चा रंगते, त्यांत गाडी आणि पेट्रोल यांचा क्रमांक बराच वरचा आहे. पेट्रोल पंपावर ‘साधे टाकू की पॉवर?’ असा प्रश्न आला की आपल्यापैकी अनेकजण क्षणभर थबकतात. गाडी नवी, तिच्यासाठी कर्ज काढलेले. अशा वेळी लिटरमागे चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण इंजिनला उत्तम तेच मिळावे, ही भावना स्वाभाविक आहे. रुग्णाचे नातेवाईक ‘डॉक्टर, जरा भारीतले औषध लिहून द्या’ म्हणतात, त्यामागेही हीच भावना असते. महाग औषध म्हणजे अधिक गुणकारी औषध नव्हे, हे आपण त्यांना रोज समजावतो. तोच विचार पेट्रोलला लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी अभियंता नाही; परंतु अनेक वर्षे आदिलाबाद, उटनूर, किनवट आणि नागपूर या रस्त्यांवर स्वतः गाडी चालवत आलो आहे, आणि जे वाचले व तपासले ते येथे मांडत आहे.

ऑक्टेन म्हणजे काय?

प्रीमियम पेट्रोलच्या नावापुढे बहुधा ९५, ९७, ९९ किंवा १०० असा आकडा असतो. हा ऑक्टेन क्रमांक होय. हा आकडा पेट्रोलमधील शक्ती दाखवतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही.

इंजिनच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. ज्वाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत पसरली की पिस्टनला सम धक्का मिळतो. पण दाब आणि उष्णता वाढल्यामुळे ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकले, तर धातूवर हातोडी मारल्यासारखा ‘टकटक’ आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. ते दीर्घकाळ चालू राहिल्यास पिस्टन व रिंग यांना इजा होते.

असा अवेळी भडका न उडू देता दाब सोसण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन क्रमांक. आयसो-ऑक्टेन या द्रव्याला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य गुण देऊन ही मोजपट्टी तयार केली गेली. म्हणजे आपल्या परिभाषेत सांगायचे तर ऑक्टेन हा उष्मांक नव्हे, ती सहनशीलता आहे. १०० ऑक्टेनच्या लिटरभर पेट्रोलमध्ये ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलपेक्षा लक्षणीय अधिक ऊर्जा नसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपली अनेक मुले अमेरिकेत आहेत. तेथील पंपांवर साध्या पेट्रोलवर ८७ लिहिलेले पाहून ‘अमेरिकेतले पेट्रोल आपल्यापेक्षा हलके कसे?’ असे काहींनी मला विचारले. भारतात ‘रिसर्च ऑक्टेन’ हा आकडा देतात, तर अमेरिकेत रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. तेथील ८७ हे आपल्याकडील साधारण ९१ च्या बरोबरीचे आहे.

शिशाचा कटू अध्याय

ऑक्टेनच्या इतिहासाकडे आपण डॉक्टरांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. १९२१ साली जनरल मोटर्समधील थॉमस मिजली यांना असे आढळले, की टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये अत्यल्प प्रमाणात मिसळले तरी नॉकिंग थांबते. उपाय स्वस्त होता, म्हणून जगभर पसरला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात या संयुगाच्या विषबाधेने कामगार भ्रमिष्ट झाले आणि पाच जण दगावले. स्वतः मिजली यांनाही शिशाची बाधा झाली होती. तरीही पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हे पेट्रोल विकले गेले.

१९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले आणि ज्यांच्या दातांत ते अधिक, त्यांची बुद्धिमापन चाचणीतील कामगिरी कमी, असे दाखवून दिले. अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे घटले तसे लोकांच्या रक्तातील शिशाचे प्रमाणही खाली आले. भारतात १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. जगात मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथेही ते २०२१ मध्ये थांबले.

इंजिनची एक तक्रार दूर करण्यासाठी एका संपूर्ण पिढीच्या मुलांनी किंमत मोजली. म्हणून पेट्रोलमध्ये काय मिसळले जाते, हा केवळ मेकॅनिकचा प्रश्न मानू नये.

आपल्या गाडीला गरज किती?

भारत स्टेज-६ मानके एप्रिल २०२० पासून लागू झाली. त्यांनुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन क्रमांक किमान ९१ आहे. पूर्वी तो ८८ असे. गंधकाची मर्यादाही दशलक्ष भागांत १० भाग इतकी खाली आली, आणि ती साध्या व प्रीमियम दोन्ही पेट्रोलना सारखीच लागू आहे. त्यामुळे साधे पेट्रोल ‘अशुद्ध’ असते, हे म्हणणे योग्य नाही.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य मोटारींची रचना साध्या पेट्रोलसाठीच केलेली असते. गाडीसोबत आलेली पुस्तिका किंवा इंधन टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूची पट्टी पाहावी. तेथे ९१ लिहिले असेल, तर ९५ भरून इंजिनला अधिक काही साधता येत नाही. हिमोग्लोबिन उत्तम असलेल्या व्यक्तीस लोहाच्या गोळ्या देण्यासारखेच ते आहे. अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांवर चाचण्या घेतल्या. प्रीमियममुळे शक्ती, अ‍ॅव्हरेज वा धूर यांत उल्लेखनीय सुधारणा दिसली नाही, आणि एका वर्षात अमेरिकन ग्राहकांनी अशा अनावश्यक प्रीमियमवर २१० कोटी डॉलर खर्च केल्याचा अंदाज संस्थेने मांडला.

याउलट पुस्तिकेत ९५ किंवा अधिक ‘आवश्यक’ असे लिहिले असेल, तर काटकसर करू नये. उच्च कॉम्प्रेशनची किंवा टर्बो असलेली काही इंजिने, आयात केलेल्या महागड्या मोटारी आणि काही वेगवान मोटारसायकली या गटात येतात. ‘शिफारस’ एवढेच लिहिले असेल, तर साध्या पेट्रोलवरही गाडी चालते. इंजिनमधील सेन्सर नॉकिंग ओळखतो आणि ठिणगीची वेळ किंचित मागे नेतो. त्यामुळे इंजिन सुरक्षित राहते, मात्र पिकअप थोडा कमी होतो.

आपल्या भागाची एक विशेष बाब आहे. मे महिन्यात आदिलाबादचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेली हवा इंजिनमध्ये गेली, गाडी माणसांनी भरलेली असली आणि निर्मलजवळच्या महबूब घाटात चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली, की जुन्या इंजिनातून टकटक ऐकू येते. पहिला उपाय म्हणजे गिअर खाली आणणे. तरीही आवाज थांबत नसेल, तर इंजिनमधील कार्बन, स्पार्क प्लग आणि कूलिंग यांची तपासणी करून घ्यावी. लक्षण दाबण्यासाठी महाग पेट्रोल भरणे म्हणजे निदान न करता तापाची गोळी देणे होय.

प्रीमियममधील ‘साफसफाई’

प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजेक्टर व व्हॉल्व्हवरील काजळी कमी करणारी द्रव्ये अधिक असतात. हा लाभ काल्पनिक नाही. पण तो हळूहळू होतो, एका टाकीत जाणवत नाही. ‘पॉवर भरले आणि गाडी लगेच पळू लागली’ या अनुभवात प्लासिबोचा वाटा मोठा असावा. मी स्वतः एक छोटा प्रयोग केला. काही महिने कोणते पेट्रोल भरले ते माझ्या सहायकाने मला सांगायचे नाही, फक्त वहीत लिहायचे, असे ठरवले. प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरून अ‍ॅव्हरेज काढले. शेवटी वही उघडली तेव्हा दोन पेट्रोलमधील फरकापेक्षा गावातली गर्दी आणि महामार्ग यांमधील फरक कितीतरी मोठा निघाला. एका गाडीवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आपणास सांगणे नलगे. परंतु प्रत्येकाने आपापल्या गाडीवर हा प्रयोग जरूर करावा.

हिशेबही मांडून पाहू. समजा, साधे पेट्रोल १०५ रुपये आणि प्रीमियम ११३ रुपये लिटर आहे. हा जादा खर्च भरून निघण्यासाठी अ‍ॅव्हरेज सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढले पाहिजे. म्हणजे १५ ऐवजी १६ किलोमीटरहून अधिक. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीवर हा जादा खर्च वर्षाला सहा हजारांच्या वर जातो. तेवढ्या रकमेत गाडीची एखादी सर्व्हिसिंग होते.

इथेनॉलचा नवा मुद्दा

२०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळू लागले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन क्रमांक १०० च्या वर आहे. त्यामुळे साध्या पेट्रोलचा क्रमांक आता ९५ च्या जवळ गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे केवळ ऑक्टेनसाठी ९५ चे प्रीमियम घेण्याचे कारण आणखी क्षीण झाले आहे.

मात्र लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या रचनेच्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल आणि नव्या रचनेच्या गाड्यांचे १ ते २ टक्के, असा अंदाज होता. ऑक्टेन वाढला तरी अ‍ॅव्हरेज घटू शकते, हे ऑक्टेन म्हणजे शक्ती नव्हे याचे प्रत्यक्ष प्रमाणच आहे. ज्यांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षे जुन्या आहेत, त्यांनी सर्व्हिसिंगच्या वेळी रबरी नळ्या व गॅस्केट तपासून घ्यावेत. इथेनॉल ओलावा शोषते. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

पैनगंगेच्या दोन तीरांवर

पेट्रोल जीएसटीच्या कक्षेबाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा कर वेगळा असतो. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवरील कर लिटरमागे ५ रुपयांनी कमी केल्यावर आपल्याकडील अनेकजण पैनगंगा ओलांडून टाकी भरू लागले. नागपूर-यवतमाळला जाणे होत असेल तर हे ठीकच. मुद्दाम फेरी मारल्यास वाचवलेले पैसे वाटेतच जळतात. मानके दोन्ही तीरांवर सारखीच आहेत.

भेसळीबाबत मात्र सावध राहावे. रॉकेलचा ऑक्टेन क्रमांक फार कमी असल्याने रॉकेलमिश्रित पेट्रोलने नॉकिंग होते. फिल्टर पेपरवर थेंब टाकून तो डाग न ठेवता उडतो का हे पाहण्याचा, तसेच घनता आणि पाच लिटरचे माप तपासण्याचा ग्राहकास हक्क आहे. विश्वासाचा, गर्दीचा पंप निवडणे हे प्रीमियम भरण्यापेक्षा अधिक हिताचे आहे.

थोडक्यात सांगायचे तर, पुस्तिकेत ९१ असेल तर साधे पेट्रोल भरावे. ९५ आवश्यक असेल तर प्रीमियम भरावे. आवाज आल्यास आधी तपासणी करावी. आणि टायरमधील हवा दर पंधरा दिवसांनी पाहावी. तिला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि अ‍ॅव्हरेज टिकवण्यात तिचा वाटा खात्रीचा आहे.