गुलाम म्हणजे मुलगा

पत्त्यांच्या जोडात राजा असतो, राणी असते आणि त्यांच्या खालोखाल गुलाम. त्या गुलामाचं चित्र जरा निरखून पाहा. बहुतेक वेळा तो तरुण पोरगा असतो. इंग्रजीत या पानाला पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत, आणि त्या शब्दाचाही जुना अर्थ मुलगा असाच आहे. अरबीत तर ‘गुलाम’चा मूळ अर्थच मुलगा. कुरआनात हजरत जकरिया यांना म्हातारपणी मुलगा होणार अशी खुशखबर मिळते, तिथे हाच शब्द येतो. आमच्यात गुलाम रसूल, गुलाम मोहंमद अशी नावं घरोघरी असतात आणि ती अभिमानानं मिरवली जातात. पण व्यवहारात या शब्दाचं काय झालं ते आपण जाणतोच. मुलगा या अर्थाचा शब्द विकत घेतलेल्या माणसासाठी वापरला जाऊ लागला.

मी कवी आहे, शब्दाचा अर्थ बदलला की तो का बदलला असावा, याचा शोध घेण्याची मला खोड आहे. पोराचा गुलाम नेमका कसा होतो, हे आतून सांगणारी माणसं इतिहासात फार थोडी सापडतात. त्यांतला एक ओलाउदा इक्वियानो. १७८९ मध्ये लंडनमध्ये त्यानं आपलं आत्मकथन प्रसिद्ध केलं. त्याच्या हयातीतच पुस्तकाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. त्यातला जहाजावरचा भाग अवघ्या काही पानांचा आहे, पण ती पानं वाचून झाल्यावर माणूस पुष्कळ वेळ गप्प बसतो.

इक्वियानो सांगतो त्याप्रमाणे त्याचा जन्म १७४५ चा, आजच्या नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या मुलखातला. सगळ्यांत धाकटा मुलगा, म्हणून आईचा लाडका. मोठी माणसं शेतावर गेली की गावातली मुलं एकत्र खेळत आणि त्यांच्यातलं एखादं झाडावर चढून पहारा देई, कारण मुलं पळवणाऱ्या टोळ्या हिंडत असत. एकदा तर त्यानंच झाडावरून आरडाओरडा करून अशा एकाला पकडून दिलं होतं. पण पुढे एके दिवशी, अकरा वर्षांचा असताना, तो आणि त्याची बहीण घरात दोघंच होती. दोन पुरुष आणि एक बाई कुंपणावरून आत उतरली, पोरांची तोंडं दाबली आणि दोघांना उचलून जंगलात पसार झाली.

पळवणारे त्याच्याच मुलखातले, त्याच्याच रंगाचे होते. आपल्या वडिलांच्या घरीही गुलाम होते, हे तो लपवत नाही. पण तिथे गुलामाचं जेवण, कपडे, राहणं घरातल्या माणसांपेक्षा फार वेगळं नसे, असंही तो सांगतो. पुढे जे पाहिलं त्याच्याशी याची तुलना होऊ शकत नाही, असं त्याचं म्हणणं.

भाऊबहिणीला लवकरच वेगळं केलं गेलं. तो हातोहात विकला जात समुद्राकडे सरकत राहिला. एका ठिकाणी त्याची किंमत झाली १७२ कवड्या. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, तेव्हा ती नुसती म्हण असते. पश्चिम आफ्रिकेत मात्र कवडी हे खरोखरीचं चलन होतं आणि त्यातल्या कितीतरी कवड्या मालदीव बेटांवरून, आपल्या हिंदी महासागरातून, युरोपियन जहाजांनी तिकडे नेलेल्या असत. माणसांच्या बदल्यात जे कापड दिलं जाई, त्यातही गुजरातचं आणि कोरोमंडल किनाऱ्याचं सुती कापड असे. हे विणणाऱ्याला आपल्या ठाणाच्या मोबदल्यात कोणाचं पोर विकलं जातंय याची कल्पनाही नसणार.

पळवल्यापासून सहा-सात महिन्यांनी, साधारण १७५६ च्या सुमाराला, तो किनाऱ्यावर पोचला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि समुद्रात नांगर टाकून उभं असलेलं जहाज पाहिलं. वर चढवल्यावर खलाशांनी त्याला उचलून, उलटसुलट करून, धडधाकट आहे की नाही ते तपासलं. लाल चेहऱ्यांची, लांब मोकळ्या केसांची ती माणसं त्याला भुतांसारखी वाटली. डेकवर तांब्याची एक मोठी भट्टी उकळत होती आणि तिच्या आसपास काळी माणसं साखळ्यांनी एकमेकांना जखडलेली होती. पोरानं दोन्हीचा संबंध जोडला. आपल्याला शिजवून खाणार! तो जागीच बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर आसपासच्या आपल्या लोकांना त्यानं पहिला प्रश्न केला तो हाच, की ही माणसं आपल्याला खाणार का?

मग त्याला खाली, जहाजाच्या पोटात नेलं. तिथल्या दुर्गंधीनं त्याची अन्नावरची वासना उडाली. खायला नकार दिला म्हणून दोघा खलाशांनी त्याचे हात धरून, पाय बांधून त्याला चाबकानं फोडून काढलं. जेवत नाही म्हणून मुलाला मार बसणं आपल्याला नवं नाही, पण आई मारते ती मुलानं जगावं म्हणून. इथे मारणाऱ्याला भीती होती ती मालाचं वजन घटण्याची. समुद्रात उडी टाकावी असं त्याच्या मनात आलं, पण जहाजाच्या कडेनं जाळ्या लावलेल्या होत्या.

त्याच्या मुलखातली काही माणसं भेटली तेव्हा त्यानं विचारायला सुरुवात केली. आपल्याला कुठे नेताहेत? गोऱ्यांच्या देशात, कामाला. मग त्यांना देश आहे का? की ही माणसं या पोकळ घरातच राहतात? त्यांच्या बायका कुठे आहेत? हे जहाज चालतं कसं? त्याला उत्तर मिळालं, की काठ्यांवर कापड बांधलं की ते चालतं, आणि थांबवायचं असलं की पाण्यात काहीतरी मंतरलेलं टाकतात. अकरा वर्षांचं कोणतंही पोर बोटीत बसल्यावर विचारील असेच हे प्रश्न. इतक्या भयात असूनही त्याची जिज्ञासा मेली नव्हती.

किनारा सुटताना सगळ्यांना खाली कोंडलं गेलं. उष्मा, घाम, साखळ्यांनी सोललेली कातडी. गर्दी अशी, की कूस बदलायला जागा नाही. शौचासाठी ठेवलेल्या टबांत लहान मुलं पडत आणि गुदमरायला येत. बायकांच्या किंकाळ्या आणि मरणाऱ्यांचं कण्हणं याची जी सरमिसळ होई, ती शब्दांत मांडता येत नाही, असं तो सांगतो. तो स्वतः लवकरच आजारी पडला आणि वयानं लहान म्हणून त्याला बेड्या न घालता बहुतेक वेळ डेकवर ठेवलं गेलं. म्हणूनच त्याला पुष्कळ काही दिसलं.

एकदा खलाशांनी भरपूर मासे पकडले, पोटभर खाल्ले आणि उरलेले भुकेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत समुद्रात फेकून दिले. लोकांनी विनवण्या केल्या, काहींनी चोरून घ्यायचा प्रयत्न केला, त्यांना फटके बसले. एके दिवशी एकाच साखळीतल्या दोघांनी जाळीतून वाट काढून पाण्यात उडी घेतली. त्यांच्यामागून तिसऱ्यानं. दोघं बुडाले. एकाला होडी पाठवून परत आणलं आणि मरण पत्करल्याबद्दल निर्दयपणे मारलं. गोऱ्यांनी आपल्याच एका खलाशाला दोरानं मरेस्तोवर झोडपून पाण्यात फेकल्याचंही त्यानं पाहिलं. आपल्याच माणसाला असं वागवणारे आपल्याला कसे वागवतील, या विचारानं तो अधिकच धास्तावला.

आणि याच प्रवासात त्यानं उडणारे मासे पाहिले. ते डेकवर येऊन पडत. सूर्याची उंची मोजण्याच्या यंत्रातून खलाशी काय बघतात याचं त्याला नवल वाटे. एका खलाशानं त्याला यंत्राला डोळा लावू दिला. त्याला ढग म्हणजे पुढून जाणारी जमीन वाटली. आपण एका निराळ्याच जगात आलो, इथे सगळीच जादू आहे, असं त्याला वाटलं.

जहाज बार्बाडोस बेटावर ब्रिजटाऊनला लागलं. आता तरी खाणार, म्हणून पुन्हा रडारड झाली. शेवटी तिथल्या जुन्या गुलामांना आणून नव्यांची समजूत घालावी लागली. मग विक्री. नगारा वाजला की खरेदीदार आवारात एकदम घुसत आणि हाताला येईल तो ताफा पकडत. त्याच्याबरोबर आलेले कित्येक भाऊ वेगवेगळ्या मालकांकडे गेले. इथे इक्वियानो आपल्या ख्रिस्ती वाचकाला थेट विचारतो, की हे तुम्ही तुमच्या देवाकडून शिकलात का?

आता आकड्यांकडे येतो. इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदी वर्षानुवर्षं जुळवल्या. साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख पलीकडे उतरली. मधले जवळजवळ १८ लाख समुद्रात संपले. चढवलेल्यांत साधारण चौथा हिस्सा मुलांचा होता. हे सगळं कळतं ते व्यापाऱ्यांच्या खातेवह्यांतून, म्हणजे माणसाला माल म्हणून लिहिणाऱ्या कागदांतून. त्या कागदांत कुणी प्रश्न विचारत नाही, कुणी माशांसाठी हात जोडत नाही. ते इक्वियानोच्या पुस्तकात सापडतं.

त्या पुस्तकाबद्दल एक शंका आहे, ती लपवणं योग्य नाही. व्हिन्सेंट कॅरेटा या अभ्यासकाला दोन जुन्या नोंदी मिळाल्या. एक १७५९ च्या बाप्तिस्म्याची, दुसरी १७७३ च्या उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेतल्या जहाजाची. दोन्हींत इक्वियानोचा जन्म अमेरिकेतल्या कॅरोलायनाचा लिहिला आहे. तेव्हा त्यानं जहाजाची हकीकत इतरांकडून ऐकून लिहिली का? अभ्यासकांत यावर आजही एकमत नाही. पण जहाजावरचे डॉक्टर अलेक्झांडर फाल्कनब्रिज यांनी १७८८ मध्ये, म्हणजे या पुस्तकाच्या वर्षभर आधी, स्वतः पाहिलेलं लिहून ठेवलं आहे. तळातली लादी रक्तानं माखून कत्तलखान्यासारखी झालेली, आणि झुंबड उडवून केलेली तीच विक्री. तेव्हा एका मुलाच्या जन्मगावाबद्दल वाद होऊ शकतो, त्या जहाजाबद्दल नाही.

पुढे इक्वियानो अनेक मालकांच्या हातून गेला, जहाजावर एका गोऱ्या मुलाच्या सोबतीनं शिकला आणि छोटा छोटा व्यापार करून साठवलेल्या पैशातून १७६६ मध्ये त्यानं ४० पौंडांना स्वतःला विकत घेतलं. १७८१ मध्ये ‘झोंग’ जहाजावरून सव्वाशेहून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली आणि मालकांनी त्यांच्या विम्याचे पैसे मागितले. ती बातमी १७८३ मध्ये गुलामीविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प यांच्याकडे घेऊन जाणारा माणूस इक्वियानोच होता. खुनाचा खटला कुणावरच चालला नाही. पण इंग्लंडात लोकमत ढवळलं गेलं. त्यात इक्वियानोच्या पुस्तकाचा आणि गावोगावच्या भाषणांचा मोठा वाटा होता. १७९७ मध्ये तो वारला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८०७ मध्ये, ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार बंद केला.

हे सगळं दूरच्या अटलांटिकमधलं, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. आपल्या पश्चिम समुद्रातही अशीच गलबतं फिरत होती. खडकी वसवणारा, म्हणजे पुढच्या औरंगाबादचा आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरचा पाया घालणारा मलिक अंबर हा इथिओपियातून विकला गेलेला मुलगाच होता. एकोणिसाव्या शतकात अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणि तिथून नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये आणली जात. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता. त्यानं रोजनिशी लिहिली आणि १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनचं शव घेऊन तो लंडनपर्यंत गेला.

त्या अरबी गलबतांच्या मालकांची नावं माझ्या नावासारखीच होती. पहिली अजान देणारे हजरत बिलाल स्वतः गुलामीतून सुटलेले, हे आमच्यातल्या प्रत्येक मुलाला सांगितलं जातं. त्या बिलालांचं नाव आदरानं घेणारे व्यापारी त्यांच्याच मुलखातली पोरं विकत होते. इक्वियानोनं ख्रिस्ती वाचकाला विचारलेला प्रश्न म्हणून मलाही लागू होतो. आणि तो ज्यांना लागू होत नाही असा समाज कुठला, हे मला सांगता येणार नाही. महात्मा फुल्यांना हे उमगलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली. दुसऱ्याच्या घरातली आग पाहून त्यांना आपल्या घरातली आठवली.

जाता जाता त्या बहिणीबद्दल. किनाऱ्याकडे जाताना वाटेत एकदा भावाबहिणीची अचानक गाठ पडली. मालकानं त्यांना एक रात्र एकत्र राहू दिलं. दोघं रात्रभर त्याच्या छातीवरून हात पुढे करून एकमेकांचा हात धरून पडली होती. सकाळी तिला नेलं. नंतर ती भेटली नाही. तिचं काय झालं असेल, या विचारानं आपलं सुख नेहमी अपुरं राहिलं, अशा अर्थाचं इक्वियानो लिहितो. पण सबंध पुस्तकात त्यानं तिचं नाव दिलेलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)