विजेचा हीटर बंद कां पडतो?

थंडीच्या दिवसांत नाशिक, नागपूर यांसारख्या ठिकाणीं पुष्कळ घरांतून विजेचा हीटर बाहेर निघतो. वर्षांतील बहुतेक महिने माळ्यावर पडून राहणारें हें उपकरण ऐन गारठ्यांत चालेनासें झालें, म्हणजे कोणी त्यास थापट मारतो, कोणी बटण पुनःपुन्हां दाबतो, आणि एखादा धाडसी मुलगा तें उघडावयास बसतो. या उपायांनीं दोष सांपडत नाहीं. जिवास धोका मात्र होतो. दोष शोधण्याचा एक क्रम आहे. तो विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम हीटर तापतो कसा, हें पाहूं. तारेंतून विद्युत्प्रवाह वाहूं लागला, कीं तिच्या रोधामुळें उष्णता उत्पन्न होते. प्रवाह दुप्पट केल्यास ही उष्णता चौपट होते, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स जूल यानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. हीटरची तार बहुधा निकेल व क्रोमियम या धातूंच्या मिश्रणाची असते. त्यामुळें ती लालबुंद झाली तरी लवकर जळून जात नाहीं. आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर २००० वॅटचा हीटर सुमारें पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो. हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडेल.

शोधाचा आरंभ भिंतीपासून करावा. हीटरचा प्लग काढून त्याच सॉकेटांत घरांतील इस्त्री लावून पाहावी. तीहि तापली नाहीं, तर दोष हीटरचा नव्हे. मग वडील माणसांनीं मुख्य बोर्डावरील फ्यूज किंवा एम. सी. बी. पाहावा. हीटर लावतांच तो पुन्हां पडत असेल, तर हट्टानें वर ढकलूं नये; कारागिरास बोलवावें.

यानंतर प्लग व वायर. प्लगची पिन सैल असली, कीं त्या ठिकाणचा रोध वाढतो. तो केवळ पाव ओहम धरला, तरी वरील प्रवाहानें तेथें सुमारें १९ वॅट उष्णता निर्माण होते. एवढ्याशा जागेंत कोंडलेली ही उष्णता प्लग वितळविण्यास पुरेशी आहे. प्लग काळवंडला असेल, किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर हीटर त्याच क्षणीं बंद करावा. असा हीटर १६ अँपिअरच्या सॉकेटांतच लावावा; साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर कधींहि लावूं नये. प्लगची तिसरी, जाड व लांब पिन अर्थिंगची असते. ती तोडणें म्हणजे आपलें संरक्षण तोडणें होय.

तिसरी गोष्ट बैठकीची. कित्येक हीटरांच्या बुडाशीं एक कळ असते. हीटर कलंडल्यास ती सुटते व प्रवाह थांबतो. जाड सतरंजीवर किंवा उंचसखल जमिनीवर ही कळ नीट दाबली जात नाहीं, आणि धडधाकट हीटर बिघडल्यासारखा दिसतो. तो सपाट फरशीवर ठेवून पाहावा.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हीटर कांहीं मिनिटें चालून आपोआप बंद पडत असेल, तर प्रथम त्याचें तापमानाचें बटण फार कमी ठेवलें नाहीं ना, हें पाहावें. तसें नसल्यास जाळीवर धूळ साचली आहे काय, पडदा आड आला आहे काय, कोणी ओले कपडे वर वाळत घातले आहेत काय, हें तपासावें. हवा कोंडली म्हणजे हीटर प्रमाणाबाहेर तापतो. त्याच्या आंत बहुधा दोन भिन्न धातूंची एक जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातु दुसरीपेक्षां अधिक वाढते, पट्टी वांकते व प्रवाह तुटतो. येथें हीटर बिघडलेला नसतो. त्यानें आग टाळलेली असते. प्लग काढावा, अर्धा तास निवूं द्यावें, मऊ ब्रशानें धूळ झाडावी व मग लावून पाहावें.

एवढें करूनहि ऊब येत नसेल, तर तार तुटली असेल किंवा आंतील उष्णता-फ्यूज वितळला असेल. कारागीर प्लग काढून मीटरनें रोध मोजतो. २००० वॅटच्या तारेचा रोध सुमारें २६ ओहम भरला पाहिजे. तुटलेली तार पिळून जोडण्याची युक्ति कित्येक करतात; परंतु जूलच्या नियमानें तो जोडच सर्वांत आधीं तापतो. फ्यूज वगळून तेथें साधी तार जोडणें त्याहून घातक आहे. पहारेकऱ्यास घालवून देऊन दार उघडें टाकण्यासारखेंच तें आहे.

म्हणून हीटर बंद पडला, म्हणजे “हा चालू कसा करावा?” असें विचारण्यापूर्वीं “हा थांबला कां?” असें विचारावें. आणि कोणताहि हीटर, अगदीं नवा असला तरी, निजण्यापूर्वीं प्लग काढून ठेवावा.